बर दुबईतले बर्फाचे सामान

ज्या दुकानातला माल दुकानातल्या कोणालाच वापरावा लागत नाही, तिथला माल संपतो आणि गोष्टी शिल्लक राहतात. आमच्याकडे त्या इतक्या शिल्लक राहिल्या, की जुम्म्याची नमाज झाली आणि चहा समोर आला की तुमच्यापैकी कोणीतरी म्हणतोच, "मास्तर, बर्फाच्या दुकानाचं सांगा!" सांगतो. मात्र मी पदरचे काही घालणार नाही. हसू आले तर हसा. त्याला माझी हरकत नाही.

काळ साठ सालानंतरचा. अमिराती अजून एक झाल्या नव्हत्या आणि दुबईत व्यवहार रुपयांत होत असे. बर दुबईत, खाडीच्या काठाला लागून हाजीसाहेबांचे दुकान होते. हाजीसाहेब मूळचे पलीकडच्या, इराणच्या किनाऱ्यावरचे. माल विलायतेहून बोटीने यायचा आणि आमच्याकडून लाँचवर चढून इराणला जायचा. तिथल्या डोंगरांत माणूस बुडेल एवढा बर्फ पडतो. त्या बर्फात घर चालवायला जे लागते ते सर्व आम्ही विकत होतो. छपरावरचा बर्फ लोटायची फावडी, रॉकेलच्या शेगड्या, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बुटांना खालून बांधायचे लोखंडी काटे, गरम पाण्याच्या पिशव्या, पायऱ्यांवर टाकायचे खडेमीठ. आणि दुकानाबाहेर उन्हात ठेवलेल्या हातगाडीच्या दांड्याला हात लावता येत नसे.

आम्ही तिघे कोकणातले. काउंटरवर दाऊदभाई, बाणकोटचे. पॅकिंगला हसनमामू, हर्णैचे. तरुणपणी गलबतावर तांडेल होते. गोडाऊन माझ्याकडे. मी श्रीवर्धनला काही वर्षे शाळेत शिकवले होते, म्हणून इथेही मास्तरच राहिलो. तिघांपैकी एकानेही बर्फ पडताना पाहिला नव्हता. आम्हाला ठाऊक होता तो मासळीवर टाकायचा, लादीचा.

*

दाऊदभाईंना दोन आवाज होते. घरचा आवाज बारीक, घाईचा, बाणकोटच्या हेलाचा. दुकानातला आवाज छातीतून निघणारा, संथ आणि भारदस्त. गिऱ्हाईक उंबऱ्यात आले की पहिला आवाज जाई आणि दुसरा येई. त्या दुसऱ्या आवाजात ते जे बोलत ते सगळेच खोटे नसे. पण ते खरे आहे की नाही, याची चौकशी त्यांनी कधी केलेली नसे.

इराणी गिऱ्हाइकासाठी त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. आगा म्हणजे साहेब. "आगा, आमच्या घरी हेच वापरतो."

एकदा एका इराणी व्यापाऱ्याने फावडे हातात घेऊन विचारले, "आपले घर कुठे?"

"बाणकोट."

"तिथे थंडी फार?"

"विचारू नका!"

व्यापाऱ्याने सहानुभूतीने मान हलवली आणि फावडी घेतली. तो गेल्यावर मी म्हणालो, "दाऊदभाई, उद्या अल्लाहसमोर उभे राहायचे आहे. हे खोटे कशासाठी?"

दाऊदभाईंना खरोखर वाईट वाटले. "खोटं कुठाय, मास्तर? घरी फावडं आहे की. गोठ्यात!"

*

दाऊदभाई बिऱ्हाडासह दुकानाच्या मागच्या भागातच राहत. मध्ये फळ्यांची भिंत आणि एक पडदा. बायको आणि एकुलती एक मुलगी जुबेदा. दुकानात बोललेले घरात ऐकू जाई आणि घरातले दुकानात. मुलगी त्या फळ्यांना पाठ लावून शिवण करी. ती वाढली तीच बापाचे दोन्ही आवाज ऐकत.

एके दुपारी दाऊदभाई बाजार उठता उठता मासळी घेऊन आले. सुरमईचे डोळे पाहून मी तोंड फिरवले. मागे जाण्याआधी ते पडद्याशी थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "एकदम ताजी सुरमई! आत्ता लाँचवरून उतरली!"

पडद्याआडून जुबेदाचा शांत आवाज आला, "अम्मी, मांजराला बोलाव."

*

एका मोसमात लाकडी फावड्यांचा पहिला मोठा माल आला. लांब दांडा आणि पुढे रुंद, सपाट फळी. इराणात सपाट छपरावर चढून हिने बर्फ लोटतात. गोडाऊन भरले होते आणि फावडी वाटेत येत होती. हाजीसाहेब हजला गेले होते. जाताना ते म्हणाले होते, "दाऊद, माल अडकवून ठेवू नकोस."

दाऊदभाईंनी तो अडकवून ठेवला नाही. खाडीपलीकडच्या देऱ्यातल्या इराणी भटारखान्याचा मालक खुर्चीसाठी खिळे बघायला आला होता. त्याची नजर फावड्यांवर गेली. भट्टीत रोटी सारायला आणि काढायला त्याला नेमके असेच काहीतरी हवे होते.

"चालेल का?" त्याने विचारले.

"आमच्या घरी ह्याच्यावरच रोटी निघते," दाऊदभाई म्हणाले.

त्याने नेली. त्याचे पाहून दुसऱ्या भटाऱ्याने नेली. सर्व फावडी रोट्यांखाली गेली.

मग आगा मुराद आले. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांचेच काम आहे. इराणच्या डोंगरातल्या एका गावचे दुकानदार. उंच, हाडांचे, कमी बोलणारे. वर्षातून दोनदा यायचे आणि सगळ्या गावाचे हिवाळ्याचे सामान घेऊन जायचे. हिंदी तोडकी बोलत, पण एकदा बोललेला शब्द परत घेत नसत. फावडी नाहीत हे ऐकून ते जेवायला निघून गेले. परत आले तेव्हा हातात गरम रोटी होती.

"रोटी चांगली आहे," ते म्हणाले. "आमच्या छपरावर बर्फ पडेल तेव्हा त्या भटाऱ्यालाच पाठवून द्या."

*

लोखंडी काटे खपत नव्हते. गिऱ्हाईक विचारी, "घसरत तर नाही?" आणि इथे दाऊदभाईंचे 'आमच्या घरी' चालत नसे, कारण बाणकोटला घसरण्यासारखे जे काही आहे त्यावर काटे बांधून कोणी चालत नाही.

शेवटी एका सकाळी ते काट्यांचे बूट घालून मासळीबाजारात गेले. हसनमामू बरोबर होते. बर्फाची एक लादी गोणपाटावर आडवी ठेवलेली होती. दाऊदभाईंनी कोळ्याची परवानगी घेतली, बिस्मिल्ला म्हणून तिच्यावर चढले आणि एक पाऊल टाकले. लादी मधोमध फुटली. दाऊदभाई कोळंबीच्या टोपल्यात बसले.

दुकानात आले तेव्हा अंगाला वास येत होता, पण चेहरा उजळलेला होता.

"काय झालं?" मी विचारले.

"मास्तर, आता तुम्ही मला बोलू शकणार नाही." आणि आत आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळून ते आपल्या दुसऱ्या आवाजात म्हणाले, "या, आगा! मी स्वतः बर्फावर चाललो आहे!"

मी बराच विचार केला. त्या वाक्यात मला खोटे सापडेना.

*

मिठाची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात लबाडी नाही.

पायऱ्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून तिकडे खडेमीठ टाकतात. हे कळले त्या दिवशी हसनमामूंनी मिठाचे पोते खाली ठेवले आणि हात झटकले. "हे मी बांधणार नाही."

"का, मामू?"

"मीठ पायाखाली? तोबा! जमिनीवर सांडलेलं मीठसुद्धा आम्ही बोटानं टिपून घेतो. ज्याचं खाल्लं त्याच्यावर पाय द्यायचा?"

त्यांचे चुकत नव्हते. आपल्याकडे म्हातारीकोतारी सांगत, की सांडलेले मीठ कयामतच्या दिवशी पापण्यांनी वेचावे लागेल. हाजीसाहेब ओरडले, दाऊदभाईंनी समजावले, मी पुस्तकाचा आधार शोधला. मामू हलले नाहीत. दोन दिवस पोती तशीच राहिली, आणि लाँच तर सुटायची होती.

आगा मुराद तेव्हा दुकानात होते. त्यांनी मामूंच्या शेजारी बैठक मारली. "चाचा, आम्हीही मुसलमान आहोत. मिठावर पाय देत नाही. मीठ आधी येतं, बर्फाला घेऊन निघून जातं. मग आम्ही येतो. तेव्हा तिथे नुसता दगड असतो."

मामूंनी पोते पुन्हा जवळ ओढले. मग सुतळी मागितली. पण पोते शिवता शिवता त्यांनी बजावले, "गाववाल्यांना सांग, मीठ गेल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही!"

*

आता शेगडी.

रॉकेलची ती शेगडी दुकानाची शोभा होती. पितळी टाकी, वर जाळी, आत निळी ज्योत. हाजीसाहेबांचा हुकूम होता की गिऱ्हाइकाला पेटवून दाखवायची. आणि वाऱ्याने ज्योत पिवळी पडते, म्हणून दाखवताना दार-खिडकी बंद ठेवायची. त्यातून दाऊदभाईंचे आणखी एक वाक्य तयार झाले. "आगा, दार-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या. उबेचा कण बाहेर जाता कामा नये!" ऐकणाऱ्याला हे पटे. थंडीत खिडकी कोण उघडी ठेवील?

ऐन जूनमध्ये एक व्यापारी आला. दाऊदभाईंनी त्याला मागच्या छोट्या खोलीत नेले, दार लावले, शेगडी पेटवली आणि तिचे गुण सांगत बसले. बराच वेळ झाला. मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी आणि मामूंनी दार ढकलले. व्यापारी भिंतीला टेकून ओकत होता आणि दाऊदभाई जमिनीवर आडवे होते. ओठ पांढरे.

आम्ही दोघांना ओढून बाहेर वाऱ्यावर आणले, तोंडावर पाणी मारले. उष्म्याने चक्कर आली, असे सर्वांनी मानले. मीही मानले. दाऊदभाईंनी डोळे उघडले, समोर गिऱ्हाईक दिसले आणि पडल्या पडल्याच तो दुसरा आवाज निघाला.

"पाहिलंत, आगा? ऊब किती!"

*

त्याच वर्षी जुबेदाचा निकाह झाला. मुलगा दापोलीकडचा, सलीम. इंजिनांचा फिटर. इराणात डोंगरातून घाटरस्ता काढण्याचे काम चालले होते, त्या कंपनीत त्याला नोकरी होती आणि राहायला दगडी कोठी. हिवाळ्यात घाट बंद होई आणि कोठीतली माणसे वसंतापर्यंत वरच राहत.

एका सकाळी दाऊदभाई काउंटरच्या बाहेरच्या बाजूला येऊन उभे राहिले, जिथे गिऱ्हाईक उभे राहते. फळ्यांवरच्या मालाकडे पाहत होते.

"मास्तर," ते घरच्या आवाजात म्हणाले, "ह्यातलं खरोखर चांगलं कुठलं?"

"तुम्हीच तर सगळ्यांना सांगता."

"ते राहू द्या हो. पोरीचं घर आहे. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटणार? मीही बर्फ पाहिला नव्हता. ज्या प्रश्नाला ते इतकी वर्षे न अडखळता उत्तर देत आले होते, तोच आता त्यांच्यासमोर उभा होता. शेवटी त्यांनी प्रत्येक वस्तू दोन घेतल्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. मामू म्हणाले, "दाऊद, पोरगी घरात राहणार कुठं? सामानच राहील!"

शेगडी मात्र एकच घेतली. ती सर्वांत भारी होती. तिच्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

निघण्याच्या दिवशी आम्ही सारे धक्क्यावर होतो. लाँचवर पेट्या चढल्या. दाऊदभाई जुबेदाला एकेक गोष्ट समजावत होते. "बाय, छपरावर बर्फ साठू देऊ नकोस. रोज लोटायचा. अंगात आळस आला तरी लोटायचा. छप्पर खाली आलं तर कुणी येणार नाय गो तिकडं." खलाशी चढायला हाका मारत होते, "यल्ला! यल्ला!" चारचौघांत रडणे त्यांना नको होते. त्यांनी घसा साफ केला, छाती पुढे काढली आणि भारदस्त स्वरात सांगितले, "आणि शेगडी पेटवलीस की दार-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या. उबेचा कण बाहेर जाता कामा नये!"

"बरं, अब्बा," जुबेदा म्हणाली आणि लाँचवर चढली.

*

आगा मुराद हिवाळ्याआधीच्या शेवटच्या फेरीला आले. त्यांनी काही मागितले नाही. काउंटरसमोर उभे राहिले आणि दाऊदभाईंकडे पाहत म्हणाले, "शेगडीचं तू मला काय सांगितलं होतंस?"

"दार-खिडक्या घट्ट..."

"हां. तेच. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवत नाहीत, हे आमचं पोरही जाणतं. मला वाटलं, ही विलायती आहे, निळी ज्योत आहे, हिचं वेगळं असेल. तू एवढ्या खात्रीनं बोललास! मी तुझा शब्द शेजाऱ्याला दिला. डोंगरात थंडी लवकर आली. त्यांनी खिडक्यांना चिंध्या कोंबल्या. पहाटे त्यांच्या घरातून नमाजला कोणी उठलं नाही. आम्ही दार फोडलं आणि सगळ्यांना ओढून बाहेर बर्फात टाकलं."

हाजीसाहेबांनी हळू आवाजात विचारले, "जगले?"

"अल्लाहची मेहेरबानी. जगले. पण म्हातारी अजून नीट बोलत नाही." ते पुन्हा दाऊदभाईंकडे वळले. "आग पेटते ती हवा खाऊन पेटते. माणसाची आणि तिची हवा एकच. खिडकी चार बोटं उघडी हवी. तू हे वापरून कधी पाहिलं होतंस?"

मग हसनमामूंना आठवले. "दाऊद, जूनमध्ये तू पडलास, ते उष्म्यानं नव्हतं."

दाऊदभाईंच्या हातात झटकायचे फडके होते. ते त्यांनी खाली ठेवले आणि मागे फळ्यांच्या भिंतीकडे पाहिले, जिच्याशी आता कोणी शिवण करीत बसत नव्हते.

"माझी पोरगी," ते म्हणाले.

*

आम्ही तारघरात धावलो. इंग्रजी मला येत होते. शेगडी पेटवताना खिडकी उघडी ठेवा, एवढेच लिहिले. तार घाटाच्या पायथ्याच्या गावापर्यंत जात होती. वर न्यायला माणूस लागे. आणि आगा मुरादनी सांगितले, की ते निघाले तेव्हाच त्या बाजूला ढग उतरले होते. त्यांच्या अंदाजाने घाट बंद झाला असावा. तो अंदाज बरोबर होता, हे पुढे लाँचवाल्यांकडून कळले. तारेचे उत्तर आले नाही.

तो हिवाळा आम्ही तसाच काढला. दुबईचा हिवाळा तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी सदरा पुरतो. दाऊदभाई पहाटे उठून मशिदीच्या दारापाशी उभे राहून हवेत हात पुढे करायचे. तिकडे किती थंडी असेल याचा त्यांना इथल्या वाऱ्यावरून अंदाज घ्यायचा होता. पूर्वी ते नमाजला मागच्या रांगेत, धापा टाकीत येत. आता ते पहिल्या रांगेत असत आणि सर्वांत शेवटी उठत. बायकोला त्यांनी काहीच सांगितले नव्हते. ती रोज विचारी, "पोरीनं शेगडी पेटवली असेल ना हो? ऊब मिळत असेल ना?" आणि हा माणूस मान हलवी.

काउंटरवर ते आता एकाच आवाजात बोलत. बारीक. गिऱ्हाइकाने शेगडीला हात लावला की सांगत, "घ्या, पण खिडकी उघडी ठेवा. चार बोटं. विसरू नका. घरच्यांनाही सांगा. परत सांगा बघू मला, काय करायचं?"

गिऱ्हाईक घाबरून फावडे घेऊन जाई.

एक दिवस हाजीसाहेब वैतागले. "दाऊद, आपण शेगडी विकतो की खिडकी?"

"साहेब," दाऊदभाई म्हणाले, "खिडकी विकता आली असती तर आधी तीच विकली असती."

हाजीसाहेबांनी पुन्हा विषय काढला नाही. उलट गोडाऊनमध्ये येऊन मला म्हणाले, "मास्तर, प्रत्येक पेटीवर फारसीत आणि अरबीत लिहून चिकटव. मोठ्या अक्षरांत." मी लिहिले. त्या दुकानात मी केलेल्या कामांपैकी तेवढ्या एकाचा मला हिशेब द्यावा लागला तर मान खाली जाणार नाही.

एकदा हसनमामूंनी धीर द्यायचा प्रयत्न केला. "दाऊद, पोरगी शहाणी आहे. इन्शाल्ला काही होणार नाही."

"शहाणीच आहे," दाऊदभाई म्हणाले. "बापाचं ऐकते."

*

वसंतात घाट उघडला.

लाँच आली तेव्हा दुपारच्या नमाजची वेळ होत आली होती. मी आणि मामू दुकानाची फळी लावत होतो, दाऊदभाई काउंटरमागे होते. उन्हातून सलीम पेटी घेऊन येताना दिसला. दाऊदभाई त्याच्या मागे पाहत राहिले. मागे कोणी नव्हते.

सलीम उंबऱ्यात आला. दाऊदभाई अजून रस्त्याकडेच पाहत होते. शेवटी मीच विचारले, "जुबेदा?"

"येतेय. धक्क्यावर पाय जपून टाकतेय. तिचे..." सलीम लाजला. "अम्मींना बोलवा. खुशखबर आहे."

मग ती आली. गाल थंडीने फाटलेले, हातांना फावड्याचे घट्टे, आणि ओढणी पोटावरून नीट घेतलेली. दाऊदभाई काउंटरला वळसा घालून आले नाहीत. खालून वाकून बाहेर आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"तार मिळाली होती?"

"कसली तार?"

"तार नाही मिळाली?" त्यांनी आमच्याकडे पाहिले. "बाय, मग ती शेगडी? पेटवत नव्हतीस?"

"रोज पेटवायची. थंडी काय होती, अब्बा! पाण्याचा हंडा घरात गोठायचा."

"आणि खिडकी?"

"खिडकी उघडी. पहिल्या दिवसापासून. हे कुरकुरायचे, पण मी लावू दिली नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

दाऊदभाई खाली, खिळ्यांच्या पेटीवर बसले. "अगं, पण धक्क्यावर मी तुला सांगितलं होतं, घट्ट लाव म्हणून. छपराचं सांगितलं, शेगडीचं सांगितलं..."

"छपराचं ऐकलं की. रोज बर्फ लोटला. बघा हात."

"आणि शेगडीचं?"

जुबेदाने पेटीला बांधलेले फावडे सोडले, भिंतीला नीट उभे केले आणि सहज म्हणाली,

"ते तुम्ही दुकानातल्या आवाजात सांगितलं होतं, अब्बा."